कीबोर्डची पूजा

शिवप्रियानं बसवलेली चाल स्पर्धेला दुपारी चारच्या आत पाठवायची होती, आणि ऐन दसऱ्याला कीबोर्डचा सूर काही कॉम्प्युटरमध्ये शिरंना. "सरक तू," म्हणत नवऱ्यानं, मल्लेशनं, खुर्ची बळकावली. अख्ख्या मुरुम गावात विंडोज सोडून लिनक्सवर कॉम्प्युटर चालवणारे आपण एकटेच, हे तो नवख्या माणसालाही चहा यायच्या आत सांगायचा. सकाळपासून त्यानं काळ्या पडद्यावर कमांडी बडवल्या, आवाजाचे सगळे ड्रायव्हर काढून पुन्हा घातले, इंटरनेटवरच्या फोरमवर चार परदेशी माणसांना अडाणी ठरवलं. कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडणारी मिडीची वायर तेवढी उपसून बघितली नाही, कारण ते म्हणे वायरमनचं काम.

साडेचारला त्यानं ती उपसली. कीबोर्डच्या मागच्या गोल सॉकेटची पाचही भोकं वाळलेल्या कुंकवानं बुजली होती.

"अव्वा, काल खंडेनवमीच्या पूजेत हितं कुंकू कुणी लावलं?" तो आईवर खेकसला. "लिनक्स कधी चुकत न्हाय. तुमच्यासारखी अडाणी माणसं चुकतात."

शांतम्मा मान खाली घालून शेंगा फोडत राहिल्या. शिवप्रियानं त्याचं काल संध्याकाळचं स्टेटस उघडलं आणि मोबाइल त्याच्यापुढं धरला.



फोटोत वायर काढून बाजूला ठेवलेली, मल्लेशचं ओल्या कुंकवाचं बोट त्याच सॉकेटवर दाबलेलं, आणि खाली त्यानंच लिहिलेलं: "श्रद्धा आणि विज्ञान, दोन्ही आमच्याच घरी."