उत्तर आहे एवढंच

गॅलरीत पुतळा तयार झाला होता. दर्भाचा. डोक्याच्या जागी नारळ. बसवण्याआधी भाऊरावांनी तो कानाशी धरून हलवून पाहिला. आत पाणी होतं. त्यांना बरं वाटलं.

घरात नको म्हणून पुतळा बाहेर फळीवर निजवला होता. घाटकोपरच्या त्या चाळीतले लोक बादल्या घेऊन त्याला वळसा घालून जात होते.

"दत्ताराम का?" एकाने विचारलं.

"हो," भाऊराव म्हणाले.

"अंमळ बारीक झालाय," म्हणत तो पुढे गेला.

दत्ताराम म्हणजे भाऊरावांचा थोरला भाऊ. मनोरीला जाऊन येतो म्हणून गेला, त्याला बारा वर्षं झाली होती. टीव्हीवर हरवलेल्यांत फोटो दाखवून झाला होता. बारा वर्षं माणूस आला नाही की पुतळ्याला अग्नी द्यायचा, मग तो रीतसर गेला, असा रिवाज. त्यात दत्तारामच्या सुलक्षणाचं लग्न ठरलेलं. मुलाकडचे म्हणत होते, बाप आहे की नाही, काय ते एकदा सांगा.

फक्त दत्तारामची बायको, शेवंतीबाई, कुंकू पुसायला तयार नव्हती.

"ते मेलेले कुणी बघितले?" सकाळपासून तिचं तेच, त्याच आवाजात.

"जिवंत तरी कुणी बघितलाय, वहिनी?" भाऊराव म्हणाले आणि पुतण्याकडे वळले. "सहदेव, तू सांग रे. शिकलेला आहेस. तिकडे पवईला काय करतोस तू?"

"एक समीकरण आहे, काका. त्याला उत्तर आहे, एवढं सिद्ध करतो."

"काय उत्तर आहे?"

"ते माहीत नाही."

"मग काढ की!"

"निघत नाही. आहे एवढंच कळतं."

भाऊरावांनी विधीसाठी आलेल्या गुरुजींकडे बघितलं. "आणि याचे सरकार पैसे देतं!"

"आमचंही साधारण असंच असतं," गुरुजी म्हणाले.

शेवंतीबाई उंबऱ्याशी येऊन बसली. "कुठे आहे ते तरी कळतं?"

"दिशा नसते, आई. मधल्या बिंदूपासून किती लांब, त्यावरच उत्तराची किंमत. पूर्वेला जा नाहीतर पश्चिमेला, तेवढ्या अंतरावर तेवढंच."

"आणि लांब लांब गेलं की?"

"कमी होत जातं. शून्याकडे."

"मग शून्य होतं?"

इथे सहदेवला खोटं बोलता आलं असतं. पण नेमका हाच भाग त्याने गेल्या महिन्यात सिद्ध केला होता.

"नाही. अगदी जवळ जातं. होत मात्र कधीच नाही."

"लागली वाट," भाऊराव म्हणाले.

आत सुलक्षणा स्टोला पंप मारत होती. तो आवाज थांबला.

"म्हणजे आपोआप व्हायचं नाही ते," शेवंतीबाई म्हणाली.

"नाही."

"कुणीतरी करायला लागेल."

समीकरणात असं कुणी नव्हतं.

शेवंतीबाईने पदराचं टोक जिभेला लावून ओलं केलं आणि कपाळ पुसलं. नीट निघालं नाही म्हणून पुन्हा पुसलं. ओटा पुसताना असतो तसा तिचा चेहरा होता.

गुरुजी घाईने उठले. काका-पुतण्याने फळी उचलली. फार हलकी लागली, म्हणून दोघांनी उगाच जरा जपून पावलं टाकली.

"थांबा," शेवंतीबाई जिन्याशी येऊन म्हणाली. परत आत गेली. टॉवेल घेऊन आली, आणि पुतळ्याच्या डोक्यावर नीट गुंडाळून त्याचं टोक खोचलं.

"बाहेर ऊन आहे," ती म्हणाली.