त्रेचाळीस हिरव्या ओळी

कोथरूडच्या ऑफिसात सकाळी अकराला मीटिंग सुरू झाली. दोन पोर्टलांपैकी एक आज ठरायचं होतं. कंपनी रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. लहानमोठे दोनशे प्रोग्रॅम. पण कुठला कोण सांभाळतं, तो बंद पडला तर काय करायचं, हे एका जागी कुठेच लिहिलेलं नव्हतं. पोर्टल त्यासाठीच. दोन्ही वापरून बघायचं काम मेहजबीनकडे होतं. तिला पहिलं आवडलं होतं, आणि तसं तिने सगळ्यांना सांगितलंही होतं.

शेजारी श्रीधर सर बसले होते. दोनशेपैकी त्रेचाळीस प्रोग्रॅम त्यांच्या नावावर. मेहजबीनच्या सांगण्यावरून दोन महिने खपून त्यांनी त्या सगळ्यांची माहिती पहिल्या पोर्टलमध्ये भरली होती. अगदी बारीकसारीक. ‘रक्तपेढीचा प्रोग्रॅम महिन्याच्या पहिल्या सोमवारी अडतो. घाबरू नये. दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करावा.’

“चला, कोणीतरी विचारलं तरी,” असं ते तेव्हा तिला म्हणाले होते.

पोर्टल विकणाऱ्या कंपनीची ऋतुजा मोठ्या पडद्यापाशी उभी राहिली. “हे श्रीधर सरांचं पान.”

त्रेचाळीस ओळी. सगळ्या हिरव्या. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. सर लाजून हसले.

“हिरवं म्हणजे?” विभागप्रमुख अभिनवने विचारलं.

“म्हणजे इथलं वाचून दुसरा कोणीही हे चालवू शकेल.”

“सरांचं नाव काढून दाखवाल?”

ऋतुजाने क्षणभर श्रीधर सरांकडे पाहिलं. मग क्लिक केलं. नावाची जागा कोरी झाली. ओळी हिरव्याच राहिल्या.

“वा!” अभिनव हळूच म्हणाला. “आता नाव परत घाला आणि माणसांची यादी लावा. ज्याचं सगळ्यात जास्त हिरवं, तो वर.”

यादी लागली. सर पहिले. तिसऱ्या ओळीत मेहजबीनला स्वतःचं नाव दिसलं.

“मेहजबीन, बोल. पहिलंच ना?”

“दुसरं घेऊ या.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. अभिनवने खुर्ची तिच्याकडे फिरवली. “कालपर्यंत तर पहिल्याचं कौतुक चाललं होतं.”

“दुसऱ्यात माहिती थोडी असते. अडलं की माणसाकडे जाऊन विचारावं लागतं.”

“आणि पहिल्यात?”

“विचारावंच लागत नाही.”

“मग झालं तर. तेच तर हवंय.”

ती पुढे बोलणार होती. पण जे सांगायचं होतं ते सरांच्या देखत सांगण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात सरच बोलले.

“अगं, असं काय करतेस? डोळे फोडून लिहिलंय मी. पहिलंच घ्या हो, अभिनव. बाकीच्यांना वेळ नसेल तर त्यांच्याजवळ बसून मी भरून देतो.”

“कधीपर्यंत?”

“महिनाभरात.”

“महिनाअखेर चालेल,” अभिनव म्हणाला आणि त्याने टेबलाच्या टोकाला बसलेल्या एचआरच्या नम्रताकडे पाहिलं. नम्रताने मान डोलावली. पोर्टलच्या मीटिंगला एचआरचं काय काम, हे सकाळपासून कोणीच विचारलं नव्हतं.

मीटिंग संपल्यावर मेहजबीनने सरांना जिन्यापाशी गाठलं.

“सर, बाकीच्यांचं लिहू नका. आणि तुमचंही थोडं पुसून टाका. आजच.”

“पुसू? वेड लागलंय का तुला?”

“तुम्ही पाहिलंत ना, नाव काढल्यावर काय झालं ते?”

“पाहिलं की!” सरांचा चेहरा उजळला. ते खिशातून फोन काढून बायकोचा नंबर शोधू लागले. “एकोणीस वर्षांत सलग आठ दिवस रजा नाही घेतली बघ मी. लेकीकडे जाऊन येतो आता. निवांत. माझ्यावाचून इथे कोणाचं काही अडायचं नाही.”