नकली पेशंट

सुरक्षित औषधोपचाराचं ऑनलाइन प्रशिक्षण उरकायला नर्सबाई दुपारी मास्तरांच्या खाटेशेजारीच लॅपटॉप घेऊन बसल्या. मास्तर महिनाभर बेशुद्ध होते, त्यामुळे त्यांची झोपमोड व्हायची धास्ती नव्हती. बाजूच्या ट्रेमध्ये त्यांचं आजपासून सुरू होणारं पेनिसिलिनचं इंजेक्शन तयार होतं.

पडद्यावरच्या नकली पेशंटसाठीही बाईंनी पेनिसिलिनच निवडलं.

"नको सिस्टर, मला ते चालत नाही," लॅपटॉपमधून कुणीतरी म्हणालं.

बाईंनी आवाज पार बंद केला आणि पुन्हा तेच बटण दाबलं.

"एकदा सांगितलं ना," आवाज बंद असूनही लॅपटॉपमधून ऐकू आलं.

मास्तरांची बायको दारातच थबकली. हातातली पिशवी गळून पडली. "हे बोलायला लागले?"

बाईंनी ट्रे दूर सारला. मास्तरांचे ओठ मिटलेलेच होते.

"आलीस?" पडद्यावरून आवाज आला. "आज उशीर केलास."