अधांतरी टाचा

सातवी टोपी जांभळी होती. आसावरीनं ती ब्राँझच्या मुलीच्या डोक्यावरून काढली, पिळली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि वर चिठ्ठी लावली: लोकरीची टोपी, एक, ओली.

अमेरिकेत, रेडमंडच्या पुढच्या एका लहान शहरात ती पार्क विभागात नोकरीला होती. पुतळा तिथल्या कोरियन लोकांनी बसवलेला. खुर्चीवर बसलेली कोवळी मुलगी, अनवाणी, मांडीवर आवळलेल्या मुठी. महायुद्धात जपानी सैन्यानं कोरियातल्या पोरी फसवून, पळवून नेल्या आणि सैनिकांच्या हवाली केल्या, त्यांची ही आठवण. नियम असा की पुढ्यात फुलं ठेवली तर चालतील, पुतळ्याच्या अंगावर काही घालायचं नाही. घातलेलं सापडलं तर काढून तीस दिवस सांभाळायचं. चार वर्षं आसावरी हे बिनतक्रार करत होती.

या टोपीशी मात्र ती अडली. जांभळी लोकर तिनंच आणली होती, परभणीहून आलेल्या सासूबाईंना दिवसभर काहीतरी उद्योग हवा म्हणून. आधीच्या सहा टोप्या पांढऱ्या होत्या. पांढरी लोकर कुणाचीही असते.

लंच ब्रेकमध्ये ती घरी गेली. सासूबाई सोफ्यावर बसून आठवी विणत होत्या.

"आई, ही टोपी तुमची?"

"माझी नाही. तिची आहे."

"अहो, पुतळ्याला काही घालायचं नाही असा रूल आहे. आणि ते काढायचं काम माझं आहे."

"मग तू काढ. मी घालते. दोघींचं काम चालू राहील."

"ती कोण आहे, माहीत तरी आहे का तुम्हाला?"

"तिथे बाकावर एक कोरियन आजी येतात. त्यांनी सांगितलं."

"तुम्हाला इंग्लिश कुठे येतं?"

"त्यांनाही येत नाही."

सासूबाईंनी सुया बाजूला ठेवल्या आणि त्या आजींनी केलं होतं तसं करून दाखवलं. आधी दोन्ही हातांनी हवेतच एक दार लोटलं. मग स्वतःच्या टाचा जमिनीवरून उचलल्या आणि तशाच अधांतरी ठेवल्या.

"टाचा टेकलेल्या नाहीत तिच्या. बघितल्यास?"

दर शुक्रवारी आसावरी तो पुतळा धूत होती. टाचा तिनं बघितल्या नव्हत्या.

"जगल्या त्या परत आल्या," सासूबाई म्हणाल्या. "घरच्यांनी आत घेतलं नाही. मग टाचा कुठे टेकणार?"

"वाईटच झालं, आई. पण आपला काय संबंध?"

सासूबाईंनी लोकरीचा गुंता सोडवायला घेतला. "आमच्या अक्काला नेलं होतं. अठ्ठेचाळीस साली, रझाकारांच्या धामधुमीत. पंधरा वर्षांची होती."

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात सासूबाईंच्या थोरल्या बहिणीचं नाव आसावरीनं एकदाच ऐकलं होतं.

"त्या तर पटकीनं गेल्या ना?"

"तसं सांगायचं ठरलं."

"म्हणजे सापडल्याच नाहीत?"

"आली की. पौषात. सकाळी उठून बघतो तर अंगणात उभी. अंगावर एक लुगडं, डोकं उघडं. कुणाला नाही, मला हाक मारली."

एक वाजून गेला होता. ब्रेक संपला होता. आसावरी उठली नाही.

"वडील म्हणाले, कडी लावा. माझी आई उठेना, काका उठेनात, कुणीच उठेना." गुंता सुटला होता. सासूबाई लोकर बोटांभोवती गुंडाळू लागल्या. "मी सात वर्षांची. सांगितलेलं ऐकणारी. कडीला हात पोचेना, म्हणून पाट आणला आणि वर चढले."