पहिल्या प्रश्नाचं उत्तर

"दहा मिनिटं, चाळीस सेकंद," आजोबा म्हणाले.

नात गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. "तुमचं घड्याळच पुढे पळतंय."

"घड्याळ जागेवर आहे. तू मागे राहिलीस. अजून एक फेरी, कॅडेट."

मैदानावर ते तिला कॅडेट म्हणत. घराकडे वळलं की ती पुन्हा बाळ व्हायची.

कॉलेजच्या छात्रसेनेच्या तुकडीतून साठ जणांनी अर्ज केले होते. अधिकाऱ्यांच्या मैदानी प्रशिक्षणाला त्यातले चारच जाणार होते. निवड मंडळाची मुलाखत शनिवारी होती. बाकीच्यांनी शिकवण्या लावल्या होत्या, जुन्या प्रश्नांची बाडं जमवली होती. हिला त्याची गरज नव्हती. निवृत्त होण्याआधी आजोबा अकरा वर्षं याच मंडळावर बसले होते. "आमचे आजोबा हातचं राखून शिकवत नाहीत," असं ती मैत्रिणींना ऐटीत सांगायची.

ते खरंच होतं. ओल्या बुटाची गाठ सुटू नये म्हणून नाडी कशी बांधायची, पाठीवरच्या पिशवीत जड सामान कुठे ठेवायचं, सगळं त्यांनी हाताला धरून शिकवलं. नकाशावरच्या उंचीच्या रेषा तिच्या डोक्यात शिरेनात, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातून एक मोठा बटाटा उचलला. त्याच्या आडव्या चकत्या केल्या. एकेक चकती कागदावर ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरवली. कागदावर रेषांत रेषा उमटल्या.

"हा तुझा डोंगर. रेषा चिकटल्या की चढ उभा. तिथे आधी वाट शोधायची, शौर्य मग."

"आणि आता भाजी कशाची करू?" ओट्यापाशी उभी असलेली सून म्हणाली. नात हसली. सून हसली नाही. "हिच्या बाबांनाही असाच बटाटा कापून दाखवला होतात ना?"

आजोबा चकत्या गोळा करू लागले.

नऊ वर्षांपूर्वी आजोबांचा मुलगा आपल्या तुकडीला घेऊन धुक्यात डोंगर उतरत होता. सगळे खाली पोचले, तो पोचला नाही. त्यालाही आजोबांनीच तयार केलं होतं.

नात आंघोळीला गेली, तशी सून हात पुसत टेबलापाशी आली. "शनिवारी तिला ताप भरला तरी मला चालेल."

"ती तापातही जाईल."

"मग तुम्ही अडवा. तुमचा शब्द ती मोडत नाही."

"एकदा अडवून बघितलं होतं. मोडत नाही, पण गप्प होते आणि दुप्पट जोर धरते. बापाचं पाणी आहे."

"म्हणून स्वतःच्या हातांनी तिची तयारी करून देताय?"

"अर्धवट शिकून गेलेलं पोर जास्त धोक्यात असतं," आजोबा म्हणाले.

त्या दिवसापासून सून त्यांचा चहा टेबलावर ठेवू लागली, हातात देईना.

शुक्रवारी दुपारी आजोबांनी टेबल भिंतीपासून पुढे ओढलं. आपण पलीकडे बसले, नातीला समोर बसवलं.

"पहिला प्रश्न ठरलेला असतो. अधिकारी का व्हायचंय?"

नात जराशी घुटमळली. "मागच्या शिबिरात आम्ही रानात वाट चुकलो होतो. सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. भीती मलाही वाटत होती, पण मला आधी शेवटच्या मुलीचे पाय बघावेसे वाटले. तिच्या टाचा सोलल्या होत्या. मग मी सगळ्यांना तिच्या चालीने चालवलं. उशीर झाला, पण सगळ्या परत आल्या. मला वाटतं, हे काम मला जमतं."

आजोबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. काचा स्वच्छच होत्या.

"हे सांगू नकोस," शेवटी ते म्हणाले.

"का? खरं तर आहे."

"खरं आहे, पण मंडळाच्या लक्षात राहील तो उशीर. त्यापेक्षा बाबांचं सांग. माझ्या वडिलांचं काम अर्धं राहिलं, ते मला पुरं करायचंय. एवढंच. नजर समोर ठेवायची."

"ते बाबांचा वशिला लावल्यासारखं नाही वाटणार?"

"मंडळावर कोण बसलं होतं? तू का मी?"

"तुम्ही, महाराज," ती म्हणाली आणि पाठ ताठ करून बसली.

पहिल्यांदा म्हणताना तिचा आवाज फुटला. दुसऱ्यांदा ती फार भरभर बोलली. तिसऱ्यांदा मात्र तिने ते इतकं मनापासून म्हटलं की स्वयंपाकघरातला नळ मध्येच बंद झाला. जरा वेळाने सुनेच्या खोलीचं दार आपटलं.

नातीने दाराकडे पाहिलं. "आईला तुमचा फार राग आलाय."

"येऊ दे. तिचा हक्क आहे तो."

"माझं होईल ना, आजोबा?"

"आत्ता म्हणालीस तसंच म्हण. एक शब्द इकडचा तिकडे करू नकोस, बाळा."

तिने उठून कडक सलाम ठोकला आणि गणवेशाला इस्त्री करायला ती आत पळाली. आजोबा टेबलाच्या पलीकडे तसेच बसून राहिले. घरातल्या मेलेल्या माणसाचं काम पुरं करायला आलेल्या पोराला पुढे पाठवायचं नाही, हा मंडळाचा अलिखित नियम होता, आणि तो त्यांनीच घालून दिला होता.