मावशींचा फोन कोण ऐकतंय?

"मावशींचा राहू दे बाहेर," पिचेत म्हणाला. "तो कोण ऐकतंय?"

सगळे खो-खो हसले. बैठक सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने आपला फोन बर्फाच्या पेटीत, बियरच्या बाटल्यांशेजारी ठेवायचा, असा या मोर्चेवाल्यांचा नियम होता. बर्फाने फोनमधला हेर गारठतो की काय, कुणालाच ठाऊक नव्हतं. बियर मात्र कोमट व्हायची. लमदुआनमावशींनी पेटीपर्यंत नेलेला हात मागे घेतला आणि फोन टेबलावर आपटला.

झालं होतं असं, की फोनच्या कंपनीकडून एकेकाला सूचना आली होती. सरकारी हेर तुमच्या फोनमध्ये शिरू पाहत आहेत, सावध राहा. पिचेतला आली, नुईला आली, मोर्चात नुसत्या पाण्याच्या बाटल्या वाटणाऱ्या ओंगलासुद्धा आली. पिचेतने तर ती छापून भिंतीला लावली, वर फ्रेम करून. मावशींना काही आली नाही.

मावशींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बँकॉकमध्ये असा मंत्री नव्हता ज्याला त्यांनी भोंग्यावरून शिव्या घातल्या नव्हत्या. कालव्याकाठची वस्ती उठवायला बुलडोझर आला तेव्हा त्या त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या, आणि चालक भुकेला दिसला म्हणून त्यालाच पपईची झणझणीत कोशिंबीर खाऊ घातली होती. दोनदा तुरुंगात जाऊन आल्या. आणि सरकारला त्यांचं साधं बोलणंही चोरून ऐकावंसं वाटू नये? इतका अपमान तर तुरुंगातही झाला नव्हता. शेवटी त्यांनी अनोळखी नंबरावरून येणारी प्रत्येक लिंक दाबून पाहिली, एखादीतून तरी हेर येईल म्हणून. वजन उतरवणाऱ्या कॉफीच्या जाहिराती तेवढ्या आल्या.

इथवर सगळं थट्टेवारी चाललं होतं. पण आज हसणं ओसरल्यावर पिचेतने घसा खाकरला.

"थट्टा सोडा. ज्या घरातून बातमी आपसूक मिळते, त्या घरात हेर कशाला पाठवतील? पाणी कुठेतरी मुरतंय. मावशी, शनिवारचा मोर्चा कुठल्या रस्त्याने न्यायचा ते आज ठरायचंय. तुम्ही जरा खाली जाऊन बसा. आणि या खेपेला भोंगा नुई घेईल."

"घोषणा द्यायला मी शिकवलं तुला," मावशी म्हणाल्या. "तेव्हा आवाज फुटायचा नाही मेल्या तुझा."

एरवी यावर हशा पिकला असता. आज कुणी मावशींकडे बघेना. नुई बघेना, ओंग बघेना. पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या तेव्हाही त्यांना इतकं लागलं नव्हतं. ही आपली पोरं होती.

फोन तपासणारी प्लोय कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसली होती. मावशींनी फोन तिच्यापुढे सरकवला.

"बघ गं. आतडी बाहेर काढून बघ. सगळ्यांसमोर सांग काय ते."

प्लोयने वायर जोडली. पडद्यावर पाहिलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"मावशी, इथल्या सगळ्यांच्या फोनांवर मिळून झाले नसतील इतके हल्ले एकट्या तुमच्या फोनवर झालेत."

मावशींनी मान ताठ केली आणि पिचेतकडे पाहिलं.

"मग हेर शिरला कसा नाही?" पिचेतने विचारलं.

"शिरायला जागाच नाही. फोन गच्च भरलाय. येतो, दारात उभा राहतो आणि हात हलवत परत जातो. कंपनीची सूचनासुद्धा तशीच परत गेली. बाकी फोन इतका भरू नये हं मावशी, कधीचा अपडेटही झालेला नाही."

"भरलाय कशाने एवढा?"

प्लोयने पडदा सगळ्यांकडे वळवला. फुलं. ज्या त्या वाराच्या ठरलेल्या रंगाची: सोमवारची पिवळी, मंगळवारची गुलाबी, बुधवारची हिरव्या पानांतली. प्रत्येकावर शुभ सकाळ. वर्षानुवर्षांची फुलं, आणि आवाज लावलेले व्हिडिओ वेगळेच.

"सगळी एकाच माणसाकडून आलीत," प्लोय म्हणाली. "सावेंग. कोण हे?"

मावशींचा चेहरा उतरला. चुलतभाऊ आहे म्हणून सांगितलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण जन्मभर पोलिसांशी खोटं बोलण्यात त्यांचा हात कुणी धरला नव्हता, तरी या पोरांशी खोटं बोलवेना.

"हवालदार आहे. आमच्या चौकीचा."

नुईने तोंडावर हात ठेवला.

"मी घरात आहे की कुठे उलथलेय, याची रोज वर खबर द्यावी लागते त्याला," मावशी म्हणाल्या. "आधी दारात येऊन माझा फोटो काढायचा. आता गुडघे गेलेत मेल्याचे. म्हणून सकाळी फूल पाठवतो. मी उलट फूल धाडलं की त्याने समजायचं, म्हातारी घरात आहे. सरकारचा हेर सरकारच्याच हवालदाराने अडवला, त्याला मी काय करू? आता काय म्हणायचं ते म्हणा मला."

सगळे पिचेतकडे बघू लागले. निवाडा त्यानेच करायचा होता, सुरुवात त्याने केली होती. तो उठला, बर्फाच्या पेटीतून आपला फोन काढला आणि शर्टाला पुसला. किती तरी वेळ तो अंगठ्याने काहीतरी शोधत राहिला. नुईने तेवढ्यात भोंगा गुपचूप मावशींच्या मांडीवर ठेवला.

पिचेत मटकन खाली बसला. भिंतीवरच्या फ्रेमकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

"आमच्या गल्लीलाही हाच हवालदार आहे," तो बारीक आवाजात म्हणाला. "मला त्याने आजवर एक पाकळी नाही पाठवली."