चौथी रेघ

"ही चौथी रेघ कशाची?" बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, किशनरावांनी विचारलं.

"कशाचीच न्हाई सर," सिंधु सोनकांबळे म्हणाली. "स्टेन्सिलवरची चीर हाय ती."

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. चालू म्हणजे कागदावर. लातूरचा जिल्हा होऊन चार वर्षं झाली, गावातल्या पाट्या झाडून नव्या झाल्या, पण प्रयोगशाळेच्या नळाला फेब्रुवारीपासून थेंब नव्हता. मग परीक्षानळ्या कपाटात गेल्या आणि पोरांच्या हाती स्टेन्सिलवरून शाई दाबून छापलेला एकेक सायक्लोस्टाइल आलेख आला, चुंबकीय अनुनादाचा. रेघा बघायच्या आणि पदार्थ ओळखायचा. असे आलेख काढणारं यंत्र म्हणे हैदराबादला होतं.

चौथ्या रेघेचं उत्तर विभागप्रमुख विरूपाक्ष सरांच्या नोट्समध्ये सहा वर्षांपासून ठरलेलं होतं : नमुन्यात राहिलेलं पाणी. बत्तीसपैकी एकतीस जणांनी तेच लिहिलं. अख्ख्या कॉलेजात शिल्लक होतं ते तेवढंच पाणी.

सिंधुला पहिला वर्ग मिळाला तर एम.एस्सी.ला औरंगाबाद, नाहीतर परत चाकूर. लेखी पेपरांचा अंदाज तिनं तीनदा बांधला होता. हा पाच गुणांचा प्रश्न सोडून भागणार नव्हतं.

"नीट सांग," किशनराव म्हणाले.

"रेणूत हायड्रोजन आठ, सर. पहिल्या रेघेनं तीन नेले, दुसरीनं तीन, तिसरीनं दोन. संपले."

"अगं म्हणूनच पाणी म्हणून राहिलो ना," विरूपाक्ष सर मध्येच बोलले. "बाहेरून आलेलं."

"पाण्याची रेघ वर उठंल सर. ही खाली उतरलीय." तिनं बोट ठेवलं. "तळाची आडवी रेघ ओलांडून थेट 'गुण ५'मधून आरपार गेलीय."

किशनरावांनी कागद खिडकीशी धरला. शेजारच्या पोराचाही मागून घेतला. तिथंही पाचाचे दोन तुकडे झालेले.

"चाकूरला पाणी दिसत न्हाई, म्हणून कागदावरचंबी दिसंना का तुला?" विरूपाक्ष सर म्हणाले. दोन-तीन पोरं हसली. तेवढ्यानं सरांना जोर आला. "सवलतीवर आत यायचं आन् वर वाद घालायचा! तुमच्या वस्तीत बघितलंय का कुणी हे यंत्र?"

"न्हाई सर. तुम्ही बघितलंय?"

किशनरावांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. त्यांनीही बघितलेलं नव्हतं.

"हे बघ बाळ," ते हळूच म्हणाले, "'पाणी' एवढं लिहून टाक. पाचपैकी पाच देतो. मला साडेचारची नांदेड एस.टी. गाठायचीय."

सिंधुनं पेनाचं टोपण काढलं.

"लिहिते सर. खाली हेही लिहिते, की परीक्षकांनी सांगितलं म्हणून लिहिलं."

विरूपाक्ष सरांनी कागद ओढून घेतला. "जा. झाली तुझी परीक्षा."

ती गेली. जाताना स्टूल आत सरकवून गेली.

एकतीस जणांना पाच, एकीला शून्य. आकडे विरूपाक्ष सरांनी भरले, सही किशनरावांनी केली. सही करताना त्यांनी घड्याळाकडे बघितलं, यादीकडे नाही. पाकिटाला लाख लागली, लाखेवर शिक्का बसला.

मग विरूपाक्ष सरांनी कपाट उघडलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली स्टेन्सिल काढून उजेडात धरली. चीर केसाएवढी बारीक होती. त्यांनी दुरुस्तीच्या लाल रंगाची बाटली उघडली आणि इवल्या ब्रशनं चीर वरपासून खालपर्यंत लिंपली.

"म्हणजे पोरगी बरोबर होती," किशनराव म्हणाले.

"नजर तेज हाय हो तिची," विरूपाक्ष सर कौतुकानं म्हणाले. "पुढच्या पोरांचं तर कल्याण करून गेली."

आणि रंग लवकर वाळावा म्हणून त्यांनी स्टेन्सिलवर हलकेच फुंकर मारली.